‘बायकोला विचारून सांगतो’

पत्र असं आहे :

मावशी, सलाम. मी फत्तेगंज भागातल्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीची सभासद. आम्ही जेमतेम साठ घरं. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या महिला संघानं नदीकाठच्या वस्तीत खिचडी आणि चादरी वाटल्या. तिथली एक भंगार वेचणारी बाई पुढच्या रविवारी मुलाला घेऊन उपासनेला आली. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, मतिमंद. तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, फोटोही निघाला. पण ती त्याच्या पुढच्या रविवारीही आली, आणि मग येतच राहिली.

तिला मागे सतरंजीवर बसवतात. बाकी सगळे बाकांवर. मुलगा मध्येच मोठ्यानं हसतो, ओरडतो. तबला सुरू झाला की मात्र गप्प होऊन डोलत राहतो. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी तो पुढे गेला आणि त्यानं भाकरीच्या ताटाला हात लावला. माझे सासरे पंच आहेत. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. एक पाहुणे प्रचारक म्हणाले, ह्याच्यात दुष्टात्मा आहे. आता पंच कमिटीत घाटतंय की त्या दोघांसाठी बुधवारी वस्तीतच वेगळी प्रार्थना ठेवावी, म्हणजे त्यांनाही बरं आणि आपल्यालाही. पाळकसाहेब म्हणतात, विचार करू. दोन कुटुंबं म्हणतात, असंच चाललं तर आम्ही दुसऱ्या चर्चला जाऊ. कायद्याचीही भीती घालतात. सासरे मूळचे नगर जिल्ह्यातले, मंडळीसाठी आयुष्यभर राबलेले. त्यांच्याशी मला भांडायचं नाही. आणि खरं सांगू का, तिच्या शेजारी बसणं मलाही जड जातं. वास येतो. मी वाईट आहे का? काय करू?

– एक बहीण, बडोदा


बेटा, सलाम.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो लिहायला तुला सगळ्यात जास्त त्रास झालेला दिसतो. अक्षर तिथे बदललंय. वास येतो, तर येतो. कचऱ्यात हात घालून पोट भरणाऱ्या बाईला मोगऱ्याचा वास कुठून येणार? नाकाला वास आला म्हणून कुणी वाईट होत नाही. मी छत्तीस वर्षं नर्स होते. वॉर्डातल्या कुठल्याही वासाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पुढे तो येत नाही. पण त्यासाठी शेजारी बसावं लागतं, लांबून सवय होत नाही. आणि एक विचारते. तिच्या वस्तीत पाणी किती वाजता येतं, तुला माहीत आहे? रविवारी सकाळच्या उपासनेला आंघोळ करून यायचं तर तिला किती वाजता उठून कुठून पाणी आणावं लागत असेल? चर्चच्या आवारात नळ आहे, बाथरूम आहे. त्याची चावी कुणाकडे असते?

आता बुधवारकडे येते. तुझ्या पत्रातली खरी गोष्ट ती आहे. दुष्टात्मा, कायदा, दोन कुटुंबं हे सगळं त्याच्या भोवतीचं.

तुम्ही फत्तेगंजात राहता, म्हणजे कमाटीबाग तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे ज्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात ती तू पाहिली असशील. गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियाला शिकायला गेले आणि १९१७ मध्ये कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळीत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणाले. इथपर्यंत लोक सांगतात. पुढचं आपण ख्रिस्ती लोक सांगत नाही, म्हणून मी सांगते.

त्या दिवशी आंबेडकरांना दोन मित्र आठवले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र हळहळला, पण म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, माझी बायको उद्या बडोद्याला यायची आहे, तिला विचारावं लागेल. आंबेडकरांना नंतर कळलं की हे फार हुशारीचं उत्तर होतं. नवरा-बायको दोघं मूळचे ब्राह्मण. धर्म बदलल्यावर नवरा विचारानं मोकळा झाला होता, पण बायको जुन्याच वळणाची राहिली होती आणि अस्पृश्याला तिनं घरात घेतलंच नसतं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मित्राच्या घरातून निघाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते, मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून राहिले.

हिंदू मित्राचं उत्तर निदान सरळ होतं. आपल्या माणसाचं उत्तर बघ कसं आहे. त्यात नकार कुठेच नाही, शिवी नाही, जात नाही, उलट बायकोचा मान राखलाय. दार लावलं आणि आवाजही झाला नाही.

तुमचा बुधवार म्हणजे तेच उत्तर आहे, बेटा. ‘त्यांनाही बरं आणि आपल्यालाही.’ त्यांना बरं आहे हे कुणी विचारलं त्यांना? ती बाई रविवारी चालत तुमच्या दारात येते, म्हणजे तिला काय बरं वाटतं ते ती दर आठवड्याला पायांनी सांगतेच आहे. वस्तीत जाऊन प्रार्थना करण्यात वाईट काही नाही, जरूर करा. पण ती रविवारच्या बदली म्हणून ठेवलीत तर ती तिच्यासाठी नसेल, तुमच्या बाकांसाठी असेल.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते कारण हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे. पंचवीस-तीस वर्षं झाली. मी तेव्हा ज्या मंडळीत जायचे तिथे एक गृहस्थ यायला लागले. कुष्ठरोग होऊन गेलेला, औषधांचा पूर्ण कोर्स झालेला, बोटं झडलेली. आमच्याकडे प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायचा. कमिटीनं मला बोलावून विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही नर्स आहात, काही धोका आहे का?’ मला उत्तर चोख माहीत होतं. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, आणि बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूशी लढण्याची ताकद मुळातच असते. ह्यांचा तर कोर्सही संपलेला. धोका शून्य. पण समोर आठ जण बसले होते आणि त्यांना काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. मी म्हणाले, ‘काळजी घेतलेली बरी.’ महिन्याभरात काचेच्या छोट्या प्याल्या आल्या. स्वच्छता म्हणून. सगळ्यांना आवडल्या. फक्त त्या गृहस्थांच्या लक्षात आलं की प्याल्या कुणामुळे आल्या, आणि ते यायचे बंद झाले. मी त्यांच्या घरी गेले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता छापलं जाईल, जाऊ दे.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तुमच्या पाळकसाहेबांनी कधीतरी वाचला असेलच. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीबही येतो. एकाला म्हणतात, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणतात, तू तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस. तुमची सतरंजी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या माणसालाही कुणी हाकललेलं नव्हतं. आत घेतलंच होतं. याकोबाचं भांडण आत घेण्या-न घेण्याबद्दल नाही, कुठे बसवता याबद्दल आहे.

आणि येशूनं मेजवानीला लंगडे, पांगळे, आंधळे बोलाव म्हणून सांगितलं ते लूकच्या चौदाव्या अध्यायातलं आपण दर नाताळात वाचतो आणि मग पाकिटं वाटायला निघतो. नीट वाच. त्यात त्यांच्या घरी डबा पाठवलेला नाही. ते बोलावणाऱ्याच्या घरी, त्याच्याच पंगतीत जेवलेत. खिचडी वाटणं चांगलंच होतं, पुरात तुम्ही केलंत त्याबद्दल मला तुमचा अभिमान आहे. पण वाटताना आपण उभे असतो आणि घेणारा खाली बसलेला असतो. ती बाई उठून तुमच्या रांगेत आली तेव्हा तुमची पंचाईत झाली.

आता मुलगा.

भाकरीच्या ताटाला त्यानं हात लावला आणि त्याला बाहेर काढलं. मला एक विचारायचंय, आणि ते कठोर आहे. त्यानंतर त्या ताटातली भाकर तुम्ही खाल्लीत की बदललीत? बदलली असेल, तर का बदललीत हे आपसात एकदा मोठ्यानं बोला. ‘भाकर बाटली’ असं कुणी म्हटलं नसेल. आपण सुशिक्षित आहोत, ‘हायजीन’ म्हणत असू.

बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन द्यायचं की नाही, हा तुमच्या मंडळीच्या नियमाचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊ शकतात, रांगेत येऊ देऊ शकतात. पण करिंथच्या मंडळीला पौल ह्याच भोजनावरून रागावला होता, आणि तो कशावरून रागावला ते पाहा. कुणी ताटाला हात लावला म्हणून नव्हे. काहीजण आधी येऊन पोटभर खात-पीत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावरून. शेवटी तो अगदी घरगुती सूचना देतो : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढंच.

दुष्टात्म्याबद्दल : त्या पाहुण्या प्रचारकांना पुन्हा बोलावू नका. त्या मुलात जन्मापासून किंवा लहानपणच्या तापापासून आलेली कमतरता आहे, आणि तिला हाकलून द्यायला जाणारे लोक शेवटी मुलालाच हाकलतात. मी वॉर्डात अशी पोरं पाहिली आहेत, अंगावर चटके दिलेली. दावीद राजाच्या गोष्टीत मफीबोशेथ येतो, योनाथानाचा मुलगा, दोन्ही पायांनी अधू. राजा त्याला रोज आपल्या पंगतीला बसवतो. तो अध्याय कसा संपतो ठाऊक आहे? तो राजाच्या पंगतीला जेवत असे आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. संपला. तो बरा झाला असं कुठे नाही. पंगतीला बसायला बरं व्हायची अट नव्हती.

(‘मतिमंद’ हा शब्द आता सरकारी कागदावरही सहसा वापरत नाहीत, बौद्धिक अपंगत्व म्हणतात. पण शब्दावरून मी तुला धरणार नाही. शब्द बदलले आणि सतरंजी तशीच राहिली, असंही होतं.)

ओरडण्याचं काय करायचं? तू स्वतःच लिहिलंयस आणि वाचलं नाहीस. तबला सुरू झाला की तो गप्प होतो. मग तबल्याजवळ बसव. आपली मराठी उपासना म्हणजे भजन, पेटी, तबला, झांजा. कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-ओव्यांच्या चालीत ख्रिस्ताला गायलं ते ह्याच मातीसाठी. त्याच्या हातात झांजेची एक जोडी दे. पहिले दोन महिने ताल चुकेल. तुमच्या कॉयरमधलं कुणी कधीच चुकत नाही का? त्याच्या शेजारी दर रविवारी एक तरुण पोरगा बसू दे, तोच पोरगा, पाळीपाळीनं सात जण नको. अशा मुलांना चेहरा ओळखीचा लागतो. प्रवचनाच्या वेळी कंटाळला तर दोघं बाहेर चक्कर मारून येतील, काढलेले म्हणून नव्हे, फिरायला गेलेले म्हणून. पाळकसाहेबांनी प्रवचन चाळीस मिनिटांवरून वीसवर आणलं तर त्या मुलाचे उपकार सगळी मंडळी मानेल.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर. जन्मानं तेही ब्राह्मण. १९१७ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी बडोद्यात ते ‘बायकोला विचारून सांगतो’ झालं त्याच वर्षी, ह्या माणसानं साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. एकच वर्ष, एकच धर्म, एकाच जातीतून आलेली दोन घरं. मला ह्या योगायोगाचं फार नवल वाटतं.

तुझे सासरे. त्यांच्यावर मला राग येत नाही, आणि तूही धरू नकोस. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. पुढे तिथे जे हजारो लोक ख्रिस्ती झाले त्यांतले बहुतेक पूर्वाश्रमीचे महार आणि मांग. गावात त्यांना पाटलाच्या ओट्यावरही बसता येत नव्हतं. चर्चमधला बाक ही त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आयुष्यातली पहिली उंच जागा होती. अशा माणसाचा नातू बाक सोडत नाही, ह्यात मला घमेंड दिसत नाही, भीती दिसते. सतरंजीकडे पाहिलं की त्याला आपलाच आजा दिसत असेल, आणि तो त्याला दिसायला नको असेल. दोष आपल्या घरातही होताच. चर्चच्या आतसुद्धा महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती असा भेद पिढ्यान्‌पिढ्या टिकला, सोयरिकी जुळवताना आजही डोकं वर काढतो. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.

म्हणून त्यांच्यापुढे वचनं म्हणू नकोस. सगळं पवित्र शास्त्र त्यांना तुझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. एखाद्या संध्याकाळी चहा देताना फक्त विचार : ‘दादा, तुमचे आजोबा पहिल्यांदा चर्चमध्ये गेले तेव्हा कुठे बसले होते?’ आणि गप्प बस. ते बोलतील. नाही बोलले तरी रात्री त्यांना झोप लागणार नाही. नवऱ्याला मात्र त्या वेळी बाहेर पाठव, तो मध्ये बोलून घालवेल. (तुझ्या दोन पानांत नवऱ्याचा उल्लेख नाही ह्यावरून मी एवढं ओळखलं.)

कायद्याची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी लावली जातेय. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३ चा, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. जबरदस्तीनं, फसवून किंवा प्रलोभन दाखवून धर्मांतर करणं गुन्हा आहे, आणि धर्मांतराचा विधी करायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. कुणी स्वतःच्या मनानं येऊन उपासनेत बसणं म्हणजे धर्मांतर नव्हे. उलट विचार कर, खिचडी वाटल्यावर ती उपासनेला आली तेव्हा काढलेला फोटो जास्त अडचणीचा आहे. असे फोटो काढणं बंद करा. काय द्यायचं ते कुठल्याही अटीशिवाय द्या, आणि चर्चला न येणाऱ्या शेजारणीलाही द्या. तिनं कधी बाप्तिस्म्याचा विषय काढलाच तर घाई करू नका, आधी वकिलाला विचारा. आणि तिला एक गोष्ट स्वच्छ सांगा. तिची जात तू लिहिली नाहीस, बरं केलंस. पण ती अनुसूचित जातीतली असेल तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्याला अजून नाही. मुलाच्या कागदपत्रांवर त्याचा काय परिणाम होईल हे तिला आधी कळायला हवं. हे लपवून दिलेला बाप्तिस्मा मला तरी बाप्तिस्मा वाटणार नाही.

कागदपत्रांवरून आठवलं. तुमच्या साठ घरांत निवृत्त कारकून किती आहेत? माझ्या अंदाजानं निदान बारा. त्यांतल्या एकाला कामाला लाव. मुलगा अठराच्या पुढे गेलाय, म्हणजे कायद्यानं तो सज्ञान आहे. बँकेत, हॉस्पिटलात त्याच्या वतीनं सही करायला आईलाही पालकत्वाचा कागद लागेल. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो कागद जिल्ह्याची स्थानिक समिती देते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. त्याआधी सरकारी हॉस्पिटलातून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र. मग ‘निरामय’ ही आरोग्य विम्याची योजना, एक लाख रुपयांपर्यंत. हे सगळं करायला चार-पाच चकरा लागतील, प्रत्येक चकरेला त्या बाईची दिवसाची कमाई बुडेल. कारकूनसाहेब सोबत गेले तर चकरा दोन होतील. पंच कमिटीनं बुधवार ह्यासाठी ठेवावा. तेव्हा सरकारी कचेऱ्या उघड्या असतात.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक काम आहे. तुझ्या पत्रात तिच्या वासाबद्दल, मुलाबद्दल, सतरंजीबद्दल आहे. ती काय म्हणाली असं एकही वाक्य नाही. नाव छापायला नको होतं हे बरोबर, पण तुला तरी माहीत आहे ना? दीड वर्षाच्या वर झालं ती येतेय.

तर तिच्या घरी जा. काही घेऊन जाऊ नकोस. केळी नको, बिस्किटं नको, जुने कपडे तर मुळीच नकोत. रिकाम्या हातांनी जा आणि चहा माग. विहिरीवर शोमरोनी बाई आली तेव्हा येशूनं तिला आधी काही दिलं नाही, प्यायला पाणी मागितलं. यहूदी शोमरोन्याच्या हातचं पीत नसत, म्हणून ती चकित झाली. पुढचं सगळं संभाषण त्या मागण्यातून उघडलं. देणारा माणूस वर असतो, मागणारा खाली येतो. तुला खाली यायचंय ना, मग माग. तिच्या पेल्यात पी. तुझ्या घशातून तो चहा खाली उतरला की शेजारी बसण्याचा प्रश्न आपोआप निम्मा होईल. साखर फार घालतील, आपल्या बडोद्याचा चहा आहे, त्याची तयारी ठेव.

आणि परत निघताना तिला काम सांग. पुढच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला, तू काय करून आणशील, असं विचार. तिच्या हातचं मंडळीनं खाल्लं की नाही, ह्यावर तुम्हाला सगळं कळेल, तिलाही कळेल. पंडिता रमाबाईंचं नाव आपण घेतो तेव्हा आसरा दिला एवढंच सांगतो. १९००च्या दुष्काळात आपल्या ह्या गुजरातमधूनसुद्धा शेकडो पोरी त्यांनी केडगावला मुक्तिसदनात नेल्या. पण तिथे त्यांना नुसतं जेवू घालून बसवलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्यांच्या हाती दिलं. रमाबाईंनी मराठीत आणलेलं पवित्र शास्त्र त्या छापखान्यात अशाच बायकांच्या हातांनी छापलं गेलं.

दोन कुटुंबं जातील म्हणतात त्यांचं काय? कदाचित जातील. साठातली अठ्ठावन्न राहतील. त्यांना भेट, त्यांची मनधरणी कर, त्यांच्या घरचं लग्न-मयत चुकवू नकोस, पण त्यांच्या धमकीचं नाव ‘मंडळीतली एकी’ ठेवू नका. पाळकसाहेबांना हे एकटीनं सांगायला जाऊ नकोस. महिला संघातल्या दोघी-तिघींना घे, तबलेवाल्याला घे. ते ‘विचार करू’ म्हणाले की नम्रपणे विचार, ‘कोणत्या तारखेला?’ कमाटीबागेतली गोष्ट त्यांना सांगायची असेल तर माझ्या नावावर सांग.

येत्या रविवारी तू पंधरा मिनिटं आधी जा. पुढून तिसरा बाक, तबल्याच्या बाजूचा. कडेची जागा त्याला, मधली तिला, आतली तुला. कुणी काही बोललं तर पंख्याखाली बसलोय म्हणून सांग. आणि ती सतरंजी झटकून, घडी घालून कपाटात ठेवून दे. नाताळच्या नाटकात मेंढपाळांना लागेल.

तुझी,
मावशी